कॉलेजच्या आवारातलं पार्किंग परमिट : गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये कॉलेजं उघडतात आणि पहिल्या आठवड्यातच गेटवर स्टिकरची चौकशी सुरू होते. पदवीचे विद्यार्थी, उच्च माध्यमिकच्या मुलांचे आईवडील आणि नव्याने रुजू झालेले कर्मचारी दरवर्षी साधारण हेच प्रश्न घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभे असतात. शुल्क, मुदत आणि अर्जाची तऱ्हा प्रत्येक संस्थेची वेगळी. ती माहितीपुस्तिकेत किंवा सूचनाफलकावर मिळते. कायद्याच्या तरतुदी आणि गाडी लावण्याच्या रीती मात्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत त्याच आहेत.

परमिट मिळालं म्हणजे माझी जागा राखीव झाली का?

नाही. परमिटमुळे गाडीला आवारात प्रवेश मिळतो आणि ती कोणाची, याची नोंद राहते. ठरलेली जागा फार थोड्यांना मिळते : दिव्यांग व्यक्ती, प्राचार्य, काही ठिकाणी रुग्णवाहिका आणि संस्थेची बस. बाकी सगळं पहिला येईल त्याला पहिली जागा या तत्त्वावर चालतं.

नोंदीचा खरा उपयोग अडचणीच्या वेळी होतो. गाडीतून पेट्रोल गळतंय, हेडलाइट चालू राहिलाय, किंवा १०८ ची गाडी आत यायची आहे आणि वाटेत एक स्कूटर हँडल लॉक करून उभी आहे, अशा वेळी सुरक्षारक्षकाला नंबरवरून माणूस शोधावा लागतो. म्हणून अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना मोबाइल क्रमांकाचा. तिथे वडिलांचा नंबर देऊ नका. ते कामावर असतात, त्यांना तुमची गाडी कुठे उभी आहे हे ठाऊक नसतं. वर्गात फोन बंद ठेवावा लागत असेल तर वर्ग आणि तुकडी नीट लिहा, म्हणजे शिपाई थेट तिथे येऊ शकतो.

परमिट कोणाला मिळतं?

वैध वाहन चालक परवाना असलेल्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला आणि कर्मचाऱ्याला. जागा अपुरी असलेल्या कॉलेजांत दुचाकीला सहसा सगळ्यांना परवानगी मिळते आणि चारचाकीवर मर्यादा असते. हिशेब सरळ आहे. एका मोटारीला सुमारे २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा लागते, तेवढ्यात चार-पाच स्कूटर सहज मावतात. मोटारीच्या अर्जांत लांबून येणारे, शेवटच्या वर्षाचे किंवा तिघे-चौघे मिळून येणारे विद्यार्थी आधी घेतले जातात. तुम्ही मिळून येत असाल तर सगळ्यांची नावं आणि वर्ग अर्जाला जोडा.

मुलगी अकरावीत आहे, १६ पूर्ण झाली. तिला स्कूटर नेता येईल का?

हा प्रश्न पालकांनी शांतपणे समजून घ्यावा अशी आमची कळकळीची विनंती आहे. गोव्यात उच्च माध्यमिक आणि पदवीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी एकाच आवारात भरतात. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा गाडी घेऊन येताना दिसतो आणि आपल्यालाही चालेल असं वाटू लागतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवण्यासाठी वय १८ पूर्ण हवं. १६ वर्षांनंतर परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीचा. आज रस्त्यावर दिसणाऱ्या गिअर नसलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात, ५० सीसीची गाडी बाजारात जवळपास मिळत नाही. तेव्हा घरातली नेहमीची स्कूटर १६-१७ वर्षांच्या मुलीला चालत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १९९-अ पालकांसाठी आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायला निघू शकते. म्हणूनच अठराच्या आतल्या मुलाचा अर्ज ऑफिस घेत नाही. गेटबाहेर, गल्लीत किंवा देवळाच्या आवारात गाडी ठेवून आत चालत येणं हा त्यावरचा उपाय नाही. कायदा रस्त्यावरच लागू होतो. परमिट नाकारणारा क्लार्क मुलाचा वैरी नसतो.

बॅटरीची छोटी स्कूटर चालेल ना?

मोटर २५० वॉटपर्यंत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही आणि परवाना लागत नाही. या तिन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात. दुकानदार तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका, मॉडेलला मिळालेल्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागा. वेगाची मर्यादा काढून टाकलेली गाडी या सवलतीतून बाहेर पडते. कॉलेजचं परमिट अशा गाडीलाही घ्यावं लागतं. नंबर नसल्याने अर्जात चासी क्रमांक लिहावा.

लर्नर लायसन्सवर परमिट मिळतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. जूनमध्ये परमिट हवं असेल तर शिकाऊ परवाना एप्रिलमध्येच काढा. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात चाचणीसाठी गर्दी उसळते आणि हवी ती तारीख मिळत नाही. शिकाऊ परवान्यावर गाडीला पुढेमागे लाल 'एल' लागतो आणि दुचाकीवर मागे परवानाधारक शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही बसवता येत नाही. मैत्रिणीला मागे घेऊन कॉलेजला येणं या नियमात बसत नाही.

कोणकोणती कागदपत्रं लागतात आणि अर्ज कशामुळे परत येतो?

पाच कागद : कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, चालक परवाना, गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र). प्रत्येकाची झेरॉक्स, मूळ कागद दाखवण्यापुरता. अर्ज परत येण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत.

परवान्यावर गाडीचा वर्ग पाहा. गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना असेल तर गिअरच्या मोटारसायकलला परमिट मिळणार नाही.

आरसीची मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. काकांची जुनी स्कूटर पुतण्याला मिळाली की हे हमखास राहून जातं.

विम्याच्या बाबतीत गोंधळ सर्वात जास्त. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि नव्या मोटारीला ३ वर्षांचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. एकाच पॉलिसीवर दोन तारखा दिसतात. परमिटसाठी तृतीय पक्षाची तारीख पाहतात. चोरी आणि मोडतोडीची भरपाई हवी असेल तर दुसरी तारीख तुमच्या कामाची. दोन्ही वहीत लिहून ठेवा.

पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ या धुराच्या मानकांच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना ६ महिने. जुनी गाडी असेल तर परमिट मिळाल्यानंतर सत्राच्या मध्येच पीयूसी संपतं आणि तपासणीच्या दिवशी अडचण होते.

नावाचं स्पेलिंग हा आपल्याकडचा खास प्रश्न. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वळणामुळे एकाच घरात शिरोडकर हे आडनाव आजोबांच्या कागदावर 'एक्स'ने आणि नातवाच्या कागदावर 'एस'ने सुरू होतं. आरसी घरातल्या माणसाच्या नावावर आणि परवाना तुमच्या नावावर असेल, तर नातं दाखवणारा एक कागद सोबत न्या. रेशनकार्ड किंवा जन्मदाखला पुरतो.

मोबाइलवर कागद दाखवले तर चालतात?

रस्त्यावर चालतात. डिजिलॉकर आणि एम-परिवहन या ॲपमधले परवाना आणि आरसी मूळ कागदाच्या बरोबरीचे धरले जातात. फक्त एक लक्षात ठेवा : डिजिलॉकरमध्ये खात्याकडून थेट आलेला दस्तऐवज वेगळा आणि तुम्ही फोटो काढून स्वतः चढवलेली प्रत वेगळी. पहिलाच ग्राह्य. परमिटच्या अर्जाला फाइलसाठी छापील प्रत बहुतेक ठिकाणी मागतातच.

गाडी वडिलांच्या नावावर आहे. काय करायचं?

संमतिपत्र द्यायचं. कोऱ्या कागदावर चार ओळी पुरतात :

"मी, (पूर्ण नाव), राहणार (गाव, तालुका), माझ्या मालकीचं वाहन क्रमांक (क्रमांक) माझी मुलगी/माझा मुलगा (नाव, वर्ग, हजेरी क्रमांक) यांना कॉलेजला येण्याजाण्यासाठी वापरण्यास परवानगी देत आहे. तिच्याकडे/त्याच्याकडे वैध चालक परवाना आहे. वाहनाचा विमा चालू ठेवण्याची जबाबदारी माझी आहे."

खाली तारीख, सही, मोबाइल आणि मालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स. सही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळली पाहिजे. मुलांनी घाईत स्वतःच सही ठोकलेली पत्रं लगेच ओळखू येतात आणि मग पालकांना बोलावणं धाडलं जातं.

मालक हयात नसतील तर मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावं लागतं आणि वारसाला ३ महिने गाडी वापरता येते. त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. दुःखाच्या दिवसांत हे काम मागे पडतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ते अंगावर घ्यावं.

जुनी गाडी विकत घेतली, आरसीवर अजून आधीच्या मालकाचं नाव आहे.

आधी नाव बदला, मग परमिट. फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही आपल्या नावावर करून घ्या. नाव न बदलता गाडी चालवली आणि अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या दारात जाते आणि तुमचं नुकसान भरून मिळणं कठीण होतं. अर्ज स्वीकारल्याची पावती दाखवली तर काही कॉलेजं महिनाभराचं तात्पुरतं परमिट देतात. विचारून पाहा.

गाडी सिंधुदुर्ग किंवा कारवार पासिंगची आहे. अडवतील का?

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून एमएच-०७ च्या आणि कारवारहून केए-३० च्या गाड्या रोज गोव्यात येतात. नंबर कुठलाही असो, कागद पूर्ण असतील तर परमिट मिळतं. कायद्याची अट दुसरीच आहे : गाडी परराज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्याची गाडी गोव्यात ठेवलेली नसते. हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहून तीन वर्षं गाडी इथेच असेल तर मात्र मूळ कार्यालयाचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आणून इथे फॉर्म २७ भरावा लागेल.

रेंटची बाइक किंवा मित्राकडून महिन्याने घेतलेली गाडी चालेल?

रीतसर रेंटच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. अशा गाडीला बहुतेक कॉलेजं वर्षाचं परमिट देत नाहीत. भाड्याची पावती दाखवली तर दिवसाचा पास मिळू शकतो.

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी महिना इतके रुपये ठरवून वापरणं हे बेकायदा आहे. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांना हा व्यवहार स्वस्त म्हणून सुचवला जातो. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि भाडं घेतल्याचं सिद्ध झालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पाय मोडून घरी बसलेल्या मुलाला हे नंतर कळून उपयोग नसतो.

अर्ज केव्हा आणि कसा करायचा?

प्रवेश पक्का होऊन हजेरी क्रमांक मिळाला की लगेच. अर्ज ऑफिसमधून किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून घ्या. क्रमांक आरसीत पाहून लिहा, आठवणीवर जाऊ नका. मालिकेतली अक्षरं हमखास उलटसुलट होतात. गाडीचा रंग आणि मॉडेल लिहा. कागद, शुल्काची पावती आणि फोटो जोडून द्या, पोच घ्या. काही ठिकाणी गाडी प्रत्यक्ष पाहून नंबर ताडतात, म्हणून त्या दिवशी गाडी सोबत हवी. स्टिकर मिळाल्यावर त्यावरचा क्रमांक तिथेच उभं राहून तपासा.

चतुर्थीच्या सुट्टीआधी अर्ज निकालात निघाला नाही तर पुढे काम लांबतं, कारण सुट्टीनंतर लगेच परीक्षांचं काम सुरू होतं.

स्टिकर कुठे आणि कसा चिकटवायचा?

मोटारीला पुढच्या काचेवर आतून, चालकाच्या विरुद्ध बाजूला खालच्या कोपऱ्यात. स्कूटरला पुढच्या पत्र्यावर, हेडलाइटच्या खाली, सपाट भागावर. मोटारसायकलला हेडलाइटवरच्या छोट्या काचेवर किंवा टाकीच्या डाव्या बाजूला. गेटवरचा माणूस गाडी न थांबवता वाचू शकेल अशी जागा हवी. नंबरप्लेटवर काहीही चिकटवायचं नाही, तो नियमभंग ठरतो. हेल्मेटवर लावलेला स्टिकर गाडीची ओळख पटवत नाही.

गोव्याच्या हवेत स्टिकर निघून येतो त्याचं मुख्य कारण ओलावा. पावसातून आल्याआल्या चिकटवू नका. गाडी आदल्या संध्याकाळी साबणाच्या पाण्याने धुवा, रात्रभर छपराखाली सुकू द्या, सकाळी त्या जागेवर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि मग एका कडेने दाबत दुसरीकडे जा, म्हणजे हवा अडकत नाही. पुढचे २४ तास ती जागा धुवायची नाही. स्टिकर कागदी असेल तर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, पट्टी स्टिकरच्या चारही कडांबाहेर अर्धा सेंटीमीटर यायला हवी. पट्टी कडेला अपुरी पडली की पाणी आत शिरतं आणि ऑगस्टपर्यंत अक्षरं पुसली जातात.

मागच्या वर्षीचा स्टिकर काढायला हेअर ड्रायरची ऊब द्या, मग उरलेल्या गोंदावर खोबरेल चोळून दहा मिनिटं थांबा. ब्लेडने खरवडलं तर रंग जातो. नवा लावण्याआधी तेल साबणाने पूर्ण काढा, नाहीतर नवा स्टिकर आठवडाभरही टिकणार नाही.

घरात दोन गाड्या आहेत, एकच परमिट दोन्हीला चालेल?

नाही, परमिट नंबरशी बांधलेलं असतं. काही कॉलेजं एका अर्जावर दोन क्रमांक नोंदवू देतात, पण एका वेळी एकच गाडी आत. गाडी गॅरेजमध्ये असेल तर गेटवर ओळखपत्र दाखवून दिवसाचा पास घ्या. फाडून काढलेला स्टिकर दुसऱ्या गाडीवर लावणं हे परमिट रद्द होण्याचं नेहमीचं कारण आहे.

परमिट आहे, पण आत जागाच नाही. मग?

परमिटं जागांपेक्षा जास्त दिलेली असतात, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत. सकाळी पहिल्या तासाआधी पंधरा मिनिटं आणि दुपारी प्रॅक्टिकलची बॅच बदलताना गर्दी असते. सुरक्षारक्षकाला विचारा, मागच्या मैदानाची किंवा जिमखान्याजवळची पर्यायी जागा त्याला माहीत असते. फाटकासमोर, उतारावर, अग्निशमनाच्या नळाजवळ, जिन्याखाली आणि प्रयोगशाळेच्या गॅस सिलिंडरच्या खोलीपाशी गाडी लावायची नाही, मग तास चुकला तरी चालेल.

बाहेर रस्त्यावर लावलीत तर तिथे कॉलेजचं परमिट लागू नाही. पणजीत किंवा मडगावात नो-पार्किंगमधून गाडी उचलली गेली तर पोलिसांकडेच दंड भरून ती सोडवावी लागते. प्राचार्यांचं पत्र तिथे कामाला येत नाही.

दुचाकी नेमकी कशी लावावी?

मेन स्टँडवर. साइड स्टँडवर गाडी जास्त रुंदी अडवते आणि रांगेतली एक कलंडली की पुढच्या सगळ्या पडतात. तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे निघताना मागे ढकलावं लागत नाही. शेजारच्या गाडीच्या हँडलपासून वीतभर अंतर सोडा. अरुंद जागेत रांगेच्या कडेच्या गाडीचं हँडल लॉक करू नये असं काही कॉलेजं सांगतात. तिथे डिस्क लॉक वापरा आणि रक्षकाला सांगून ठेवा.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

पुष्कळ आवारांत पार्किंगची जमीन चिऱ्याची किंवा तांबड्या मातीची असते. मातीत साइड स्टँड तासाभरात रुततो आणि गाडी आडवी होते. डिकीत हाताच्या तळव्याएवढा फळीचा तुकडा ठेवा, स्टँडखाली घालायला. चिऱ्याच्या फरशीवर जुलैपर्यंत शेवाळ धरतं. त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं. वेग आधीच कमी करून दोन्ही ब्रेक हलके लावा. गेटजवळच्या गटारावरची लोखंडी जाळी सरळ ओलांडा, तिच्यावर हँडल वळवू नका.

पाणी सायलेन्सरच्या वर चढलं असेल तर गाडी सुरू करून पाहू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की खर्च कित्येक हजारांत जातो. ढकलत कोरड्या जागी न्या आणि मेकॅनिकला बोलवा. टाकीच्या झाकणाचं रबर जूनआधी बदलून घ्या; तिथून झिरपलेलं पाणी हे पावसात गाडी बंद पडण्याचं न ओळखलेलं कारण असतं. आवारात गाडीवर कव्हर घालू नका. स्टिकर आणि नंबर झाकला जातो, आणि वाऱ्यावर फडफडणारं कव्हर शेजारची गाडी पाडतं.

झाडाखाली लावलेली बरी ना?

कुठलं झाड ते बघा. माडाखाली कधीच नको. नारळाने मोटारीचं छप्पर बसतं आणि चुडतं वाऱ्याशिवायही गळतात. माणसाच्या डोक्याचा धोका वेगळाच. फक्त तृतीय पक्ष विमा असेल तर या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. आंब्याचा चीक आणि मे-जूनमधली जांभळं रंगावर डाग पाडतात, ते त्याच दिवशी पाण्याने धुवावेत. जून-जुलैच्या वाऱ्यात कोणत्याही जुन्या झाडाच्या सुकलेल्या फांदीखाली उभं करू नका.

इलेक्ट्रिक गाडी कॉलेजात चार्ज करता येईल?

चार्जिंगची जागा नेमून दिली असेल तरच. वर्गातल्या किंवा व्हरांड्यातल्या सॉकेटमधून वायर ओढायची नाही. साधी वायरिंग तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी केलेली नसते. ती तापते, आणि ओलसर भिंतीजवळ शॉक बसण्याची भीती असते. काढता येणारी बॅटरीही ग्रंथालयात किंवा हॉस्टेलच्या खाटेजवळ चार्जला लावू नका.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काय सोय असायला हवी?

केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी जागा इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद हवी, म्हणजे दार पूर्ण उघडून व्हीलचेअर बाजूला लावता येते. अर्जासोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, प्रत द्या. जादा चाकं बसवलेली स्कूटर असेल तर तो बदल आरसीवर नोंदवलेला असावा. पाय प्लास्टरमध्ये असलेल्यांनाही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काही आठवड्यांची सोय मागता येते, संकोच करू नका. ती जागा रिकामी दिसते म्हणून 'पाच मिनिटांसाठी' तिथे गाडी लावणाऱ्यांवर कॉलेजांनी पहिल्याच वेळी कारवाई करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गाडीला ओरखडा पडला किंवा ती चोरीला गेली तर कॉलेज भरपाई देतं?

सहसा नाही, अर्जावरच तसं लिहिलेलं असतं. पण मदत जरूर मिळते, तुम्ही वेळेत हललात तर. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. सुरक्षारक्षकाच्या वहीत वेळ नोंदवा. सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, कारण जुन्या चित्रणावर ठरावीक दिवसांनी नवं चढतं. चोरी असेल तर लगेच ११२ वर कळवा, एफआयआरची प्रत घ्या आणि विमा कंपनीला सांगा. दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून जादा किल्ली डिकीत ठेवू नका.

हेल्मेट कुठे ठेवायचं?

डिकीत किंवा हेल्मेटच्या कुलपात. कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाने, मागे बसणाऱ्यानेही, ते घालायचं आहे. काही कॉलेजं हेल्मेटशिवाय आलेल्याला गेटवरून परत पाठवतात, तेव्हा रक्षकाशी हुज्जत घालू नका. आत शिरताना काच वर करून चेहरा दाखवा.

परमिट असताना गेट बंद का ठेवतात?

स्पर्धा परीक्षेचं केंद्र, संमेलन, निवडणूक. २०२२ च्या विधानसभेची उत्तर गोव्याची मतमोजणी पणजीत आल्तिनोवरच्या सरकारी तंत्रनिकेतनात झाली. अशा दिवशी आवार प्रशासनाच्या ताब्यात असतं. सूचना आदल्या दिवशी लागते. त्या दिवशी कदंबची बस धरा.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी सुट्टीत गाडी इथेच ठेवली तर?

रात्रीच्या मुक्कामाची वेगळी परवानगी घ्या. महिनाभर ठेवायची असेल तर मेन स्टँडवर छपराखाली ठेवा, टायरमध्ये हवा पूर्ण भरा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, डिकीत खाण्याचं काही ठेवू नका. उंदीर वायरी कुरतडतात. किल्ली रेक्टरांकडे देऊन पावती घ्या.

परमिट हरवलं, गाडी विकली किंवा कॉलेज सोडलं तर काय करू?

हरवलं तर अर्ज देऊन दुसरी प्रत घ्या. विकताना स्टिकर स्वतः काढून तुकडे ऑफिसात जमा करा. राहिला तर नवा मालक तुमच्या नावावर आत येतो आणि तक्रारीचा फोन तुम्हाला येतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी नाहरकत दाखला घेतानाच नोंद रद्द करून घ्यावी, म्हणजे ती जागा पुढच्या मुलाला मिळते.